चालीवर ठेवलेली अक्षरं

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. पेटी म्हटलं की लगेच कुलूप, किल्ली आणि लग्नातला शालू डोळ्यांपुढं आणू नका. मी वाजणारी पेटी. शिकलेले लोक मला हार्मोनियम म्हणतात, आमच्या वस्तीत नुसतं पेटी म्हणतात, आणि पारूबाई मला सवत म्हणते. बोलणं हा माझा धंदाच असल्यामुळं थोडी फुशारकी झाली तर खपवून घ्या. एकदा भात्यात हवा भरली की मला आवरत नाही.

माझे सूर पालिताण्याहून आले, लाकूड सागवानाचं, आणि जोडणी झाली गुलमंडीमागच्या एका बोळात. जोडणारे मिस्त्री म्हातारे होते. त्यांच्या चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती. पुंडलिक मला न्यायला आला तेव्हा त्यांनी माझ्यावरून शेवटचा फडका फिरवला आणि म्हणाले, "ले जाओ मियाँ, मगर बारिश की हवा मत लगने दो. जबान की तेज है. रूठ गई तो मनाते बैठोगे." खोटं कशाला बोलू, मिस्त्रींनी मला बरोबर ओळखलं होतं.

पुंडलिक दिवसा पाणीपुरवठ्यात वॉलमन होता. पाणी सोडायची लांब किल्ली खांद्यावर टाकून भावसिंगपुऱ्याकडच्या गल्ल्या फिरायचा आणि संध्याकाळी तेच हात माझ्या पट्ट्यांवर. त्याची गायन पार्टी होती. भीमजयंतीच्या महिन्यात तर आम्हाला घरी टेकायला फुरसत नसायची. आज सोयगाव, उद्या लासूर स्टेशन, परवा अजिंठा. एसटीत बाकीचं सामान टपावर जायचं, मी मात्र पुंडलिकच्या मांडीवर. सोयगावात एकदा ऐन कार्यक्रमात माइकनं मान टाकली. पुंडलिक म्हणाला, "जाऊ द्या त्याला, आपली पेटी हाय की!" आणि शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यापर्यंत मी एकटीनं आवाज पोचवला. लोकांनी फुलं उधळली ती माझ्यावर, पुंडलिकवर नाही. हे मी आजवर कुणाला विसरू दिलेलं नाही.

कोरसमध्ये त्याची बायको पारूबाई असायची. गाणं एकदा ऐकलं की ते तिचं झालं. पुंडलिक एखादं कडवं विसरला तर हीच मागून उचलून धरायची. पण माझ्यावर तिचा राग भारी. पुंडलिक माझ्यापुढं बसला की पुढ्यातली भाकर वाळून जायची, आणि ही चुलीपासून ओरडायची, "त्या सवतीसंगच लगीन लावायचं व्हतं ना, मला कामून आणलं?" पुंडलिक हसायचा आणि तिच्या रागाचे सूर पट्ट्यांवर वाजवून दाखवायचा. मग तीही हसायची.

पुढं त्यांच्या मुलाचं, अतुलचं लग्न झालं आणि सरिता सून होऊन घरात आली. पोरीच्या हातात कसब किती म्हणाल! क्रोशाचे रुमाल, दारापुढं रोज नवी रांगोळी, शिलाई मशीनवर गल्लीभरचे ब्लाऊज. पुंडलिकनं तिची बोटं पाहिली आणि दुसऱ्याच महिन्यात मला तिच्यापुढं सरकवलं. सासऱ्यापुढं बसून सुनेनं पेटी वाजवायची म्हणजे शेजारणींना महिनाभर पुरेल एवढा विषय झाला. सरिता शिकली. सहा वर्षांपूर्वी पुंडलिक गेला तेव्हा शोकसभेत तिनंच मला वाजवलं, डोळे पुसत पुसत, पण एकही सूर न चुकवता. पार्टी बंद पडली नाही. मला वाटलं, चला, आता माझं म्हातारपण निर्धास्त.

कसलं निर्धास्त! महिला मंडळाची सहल अजिंठ्याला गेली, तिथं एका तरुणानं लेण्याच्या भिंतीवरची अक्षरं बोट फिरवून सरळ वाचून दाखवली. दोन हजार वर्षांची जुनी अक्षरं, धम्मलिपी. सरिता घरी आली ती अर्धी तिथंच राहून आली. दुसऱ्या दिवसापासून फोनवर धडे, वह्यांवर वह्या, पाली शब्दांच्या याद्या. दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या लेण्याची फेरी. पीठ मळता मळता परातीत अक्षरं काढायची. गेली चार वर्षं तिला दुसरं काही सुचलेलं नाही.

आणि बाकीच्यांचं काय झालं? क्रोशाची सुई डब्यात गेली. रांगोळीचे रंग दमट हवेत गोळा झाले. गीताबाईचा एका बाहीचा ब्लाऊज मशीनवर तसाच लटकून राहिला. आणि मी? मी कपाटाखाली. माझ्या डोक्यावर झेरॉक्सचे गठ्ठे, भात्याच्या घड्यांत झुरळांचा संसार. ज्या पेटीवर लोकांनी फुलं उधळली तिचं असं टेबल झालं! मला त्या अक्षरांचा असा राग यायचा म्हणून सांगू. पारूबाईनं मला सवत का म्हटलं ते मला तेव्हा कळलं.

एकदा अतुल चिडून म्हणाला, "समदं सोडून दिलं हिनं. पेटी नाय, मशीन नाय." तर पारूबाई काय म्हणाली असेल? म्हणाली, "तुझ्या बानं काय केलं मग? लई झ्याक सुतार व्हता. बाजा-खाटा, पाळणे, देव्हाऱ्यासारखी कपाटं करायचा. ही सवत आली आन् रंधा गंजून गेला. ज्याला नाद लागतो त्याचं असंच असतंय, बाबा." मी कपाटाखाली गप्प पडून ऐकत होते. माझ्यापायी पुंडलिकनं काय काय खाली ठेवलं, हे इतक्या वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं. मला जरा लाजच वाटली.

सरितानं मग विहारात रविवारी सकाळी वर्ग सुरू केला. फुकट, आणि फक्त बायकांसाठी. पहिल्या दिवशी बेचाळीस जणी आल्या. पारूबाई पहिल्या रांगेत, सुनेचा मान राखायला. सरितानं सुंदर तक्ता छापून घेतला होता. एका बाजूला जुनं अक्षर, शेजारी आपलं रोजचं मराठी अक्षर, म्हणजे जोडी जुळवली की झालं. तिला वाटलं, याहून सोपं काय असणार.

पण बायका गळायला लागल्या. एकीचे गुडघे, दुसरीचा नातू. तिसरीच्या गल्लीत दर रविवारी पाण्याचा दिवस. गीताबाई तर म्हणाली, "मपलं डोकंच दुखतंय बघ अक्षरं बघून." दिवाळीपर्यंत नऊच जणी उरल्या. त्यातही एक पारूबाई. घरी ती तक्ता घेऊन बाजेवर बसायची, तासन् तास बघत राहायची. मला तो तक्ता उलटा दिसायचा. मला वाटलं, मी खाली पडलेय म्हणून मला उलटा दिसतो.

विहार समितीचे प्रमुख संघपाल. निवृत्त मास्तर, पुंडलिकचे जुने दोस्त, माणूस कडक पण न्यायी. फेब्रुवारीत ते घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "सरिता, तुझी मेहनत दिसती मला. पर स्पर्धा परीक्षेची पोरं जागा मागून राहिली, आन् विहार तर एकच हाय. बुद्धपौर्णिमेला पंधरा जणींनी आपल्या आपण वाचून दाखवावं. मी लिहीन ते वाचावं, पाठ केलेलं नाय. जमलं तर रविवार तुझा. नाय जमलं तर मला वाईट वाटंल, पर वेळ पोरांना द्यावी लागंल."

ते गेल्यावर सरिता माझ्यावरच्या गठ्ठ्यांवर डोकं टेकून बसली. तिचं रडणं माझ्या लाकडातून आत उतरत होतं. "समदं सोडलं ह्या लिपीपायी," ती म्हणाली, "आन् मला शिकवताच येत नाय." चार वर्षं मी या पोरीवर रुसून होते, पण त्या दिवशी रुसवा कुठल्या कुठं गेला. पण मी करणार काय? मला वाजवल्याशिवाय बोलता येत नाही.

अतुलनं आपल्या परीनं मदत केली. वह्या ठेवायला जागा व्हावी म्हणून त्यानं माझा फोटो काढला आणि फोनवर टाकला, पेटी विकणे आहे. पुढच्याच रविवारी वर्ग आटोपून सरिता घरी आली तर दारात लासूर स्टेशनचे आप्पासाहेब उभे. शेतकरी माणूस, डोक्याला टोपी, भजनी मंडळाला पेटी हवी होती. "रामराम," ते म्हणाले. "जय भीम, या," सरिता म्हणाली आणि तिनं मला कपाटाखालून ओढलं. झुरळं चारी दिशांना पळाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वाजवून दावता का ताई? भाता फुटलेला दिसतोय," आप्पासाहेब म्हणाले.

सरितानं फाटलेल्या जागेवर एका हाताचा तळवा दाबला, गुडघ्यानं भाता ढकलला आणि दुसऱ्या हातानं पुंडलिकचं एक गाणं धरलं. बोटं ताठरली होती. माझेही दोन सूर घोगरे निघाले. पण चाल उठली. आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून, भाकरी थापण्याच्या ठेक्यावर, पारूबाईचा आवाज आला. पहिलं कडवं, दुसरं, पाचवं. अकराच्या अकरा कडवी तिनं सोडली नाहीत. सहा वर्षांत ती गायली नव्हती.

आप्पासाहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मावशी, एवढं ध्यानात कसं ऱ्हातंय? आमच्या मंडळाला तर वही लागती."

पारूबाई पिठाचे हात घेऊन दारात आली. "वही मला कशाला, भाऊ? मला कुठं लिवता-वाचता येतंय? समदं चालीवर ठिवलंय. चाल आली की शब्द आपसूक येतात."

सरिताचे हात थांबले. माझ्यातली हवा फुस्सदिशी निघून गेली. सासू शिकलेली नाही हे तिला वीस वर्षं माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि ध्यानात येणं वेगळं. तिनं तक्ता छापला होता तो मराठी वाचता येणाऱ्यांसाठी. जुन्या अक्षराची ओळख पटवायला तिनं शेजारी जे अक्षर ठेवलं होतं, तेच या बायकांना परकं होतं.

"आत्याबाई," ती हळूच म्हणाली, "वर्गात अजून कितीजणी..."

पारूबाईनं पिठाळ बोटं मोजली. दोन्ही हात संपले तरी मोजणं चालूच होतं. "गीताबाईचं डोकं नाय दुखत, सरिता. आन् त्या बाकीच्यांचे गुडघे बी लई मजबूत हायेत. सांगायची लाज वाटती गं. तुझ्यासारख्या शिकलेल्या पोरीला कसं सांगावं?"

सरितानं सासूच्या कमरेला मिठी मारली. दोघींच्या अंगावर पीठच पीठ. आप्पासाहेब उठले आणि टोपी घालत म्हणाले, "ताई, ही पेटी इकू नका. मी बघतो दुसरीकडं. आन् मावशी, एक डाव लासूरला या, आमच्या मंडळाला दोन कडवी शिकवा." असं दिलदार गिऱ्हाईक मी पाहिलं नाही. मला न घेता गेला म्हणून त्याला मी जन्मभर दुवा देईन.

त्याच दुपारी सरितानं स्कूटीच्या सीटचं उरलेलं रेक्झीन कापून माझा भाता सांधला. झुरळांना घर सोडावं लागलं. मग सासू-सुना समोरासमोर बसल्या. सरितानं फरशीवर खडूनं एक अक्षर काढलं आणि विचारलं, "हे कशासारखं दिसतं?" मराठीतलं अमुक म्हणून नाही सांगितलं. पारूबाई म्हणाली, "छप्पर." ते ग होतं. गोल काढला. "भाकर." तो ठ. गोलात टिंब दिलं. "टिकली लावलेली भाकर!" तो थ. म काढला तर पारूबाई हसत सुटली, "आगं, हा तर शिंगवाला बैल!" सरितानं पट्ट्यांवर बोटं ठेवली, मी लगेच पुंडलिकच्या एका उडत्या चालीवर सूर दिला, आणि दोघींनी मिळून जुळवलं:

छप्पर दिसलं, ग म्हणा गं,
खांब रोवला, न म्हणा,
शिंगं उगारून बैल आला,
म म्हणा गं, म म्हणा!

पुढच्या रविवारी सरितानं तक्ते घरी ठेवले आणि स्कूटीवर मला मध्ये घेऊन सासू-सुना विहारात गेल्या. पारूबाई स्वतः दारोदार जाऊन आली होती. गीताबाईला तर तिनं हाताला धरून आणलं, "चल, आता तिथं काय वाचायचं नाय, गायचंय." एप्रिलपर्यंत वर्ग पुन्हा भरला. नव्या अक्षराला नाव द्यायला बायकांची भांडणं लागायची. ल ला एकीनं आकडा म्हटलं, दुसरीनं कढईचा कान. ड ची मोडकी पायरी झाली. पाण्याच्या दिवशी बायका हंडे लावून, पोरींना नळावर बसवून यायच्या. हळूहळू सरिता माझा आवाज बारीक करत गेली, आणि बायकांच्या ओठांवर चाल राहिली. लेण्यांतल्या लेखांची शेवटची ओळ बहुतेक एकाच घाटाची असते, हेही त्यांनी पाठ केलं. देणाऱ्याचं नाव, त्याला जोडून स, मग दानं. स म्हणजे चं. अमक्याचं दान.

बुद्धपौर्णिमेला विहार पांढऱ्या साड्यांनी भरला. वंदना झाली. संघपाल फळ्यापाशी उभे राहिले आणि पहिल्यांदा काय म्हणाले तर, "पेटी बंद. वाजवायचं नाय, नुसतं वाचायचं." सरितानं माझं झाकण लावलं. माझ्या आत सगळे सूर तडफडत होते, पण करते काय.

एकेक बाई उठायची, संघपाल नवा शब्द लिहायचे. कुणी ओठ हलवत, कुणी मांडीवर ताल धरत वाचत गेली. गीताबाईनं तर शब्द वाचून वर विचारलं, "आजून एक लिवा की, हे लई सोपं व्हतं." चौदा झाल्या. पंधरावी पारूबाई. सरितानं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

संघपालांनी पारूबाईचा शब्द मुद्दाम शेवटी ठेवला होता. त्यांनी सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि समाधानानं बाजूला झाले.

पारूबाईनं फळ्याकडं पाहिलं. तिचे ओठ हलले आणि थांबले. मान खाली गेली. पदर पुढं आला. मागं कुजबुज सुरू झाली. सरिता जागेवरून अर्धी उठली. तिला वाटलं, ड विसरली, मोडकी पायरी एकाच रविवारी घेतली होती. संघपाल मऊ आवाजात म्हणाले, "ऱ्हाऊ द्या पारूबाई. चौदा बी काय कमी नायत." पण चौदा कमीच होत्या, हे सगळ्यांना माहीत होतं.

तेवढ्यात गीताबाई मागून कडाडली, "आवं मास्तर, शिकलेले तुम्ही! तिच्या धन्याचं नाव लिवलं की! ती घील कशी तोंडात?"

विहारात हसण्याचा लोंढा उसळला. संघपालांनी जीभ चावली. "चुकलंच माझं," ते म्हणाले. "या विहाराची चौकट त्यानं एकट्यानं केली, सुतारकाम सोडल्यावर इतक्या वर्षांनी परत रंधा हातात धरून. त्याच्या नावाची पाटी कधी लागली नाय. म्हटलं, पारूबाईनं वाचावं, तिला बरं वाटंल. थांबा, दुसरा शब्द देतो." आणि त्यांनी डस्टर उचललं.

"पुसू नका!" पारूबाई म्हणाली.

ती फळ्याजवळ गेली. पदर मागं सारला. "पन्नास वर्सं नाव घेतलं नाय," ती म्हणाली. "घ्यायची गरजच नव्हती. 'आवं' म्हटलं की यायचे. आता कसं बी बोलावलं तरी येत नायत. इथं आलेत तर पुसता व्हय? लिवलंय तर वाचते मी." मग तिनं पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. ती चाल गुणगुणत होती, पुंडलिकची, अगदी बारीक. बंद झाकणाखाली मला ती स्पष्ट ऐकू आली.

"पुं... ड... लि... क... स." बोट पुढं सरकलं. "दा... नं." मग ती वळली, सगळ्यांकडं तोंड करून उभी राहिली आणि सोयगावच्या मैदानात पोचेल अशा आवाजात म्हणाली, "पुंडलिकचं दान!"

साधु, साधु, साधु! विहार दणाणून गेला. सरितानं सासूला अक्षरशः उचललं. संघपाल चष्मा पुसत होते आणि पुन्हा पुन्हा म्हणत होते, "रविवार तुझा, पोरी. कायमचा तुझा." परीक्षेच्या पोरांना सकाळी लवकरची वेळ मिळाली आणि त्यांनीही टाळ्या वाजवल्या. मग कुठं माझं झाकण उघडलं. मी काय वाजले म्हणून सांगू! घोगरे सूरसुद्धा मोकळे झाले. पण खरं सांगते, त्या दिवशीची माझी सगळ्यात मोठी मैफल ती, ज्यात मी गप्प बसले होते.

आता चौकटीवर तीच ओळ कोरली आहे. आणि पारूबाईनं सुनेला फर्मान सोडलंय, "आता ते पेपरातलं बी शिकव." रविवारी मी विहारात असते, बाकी दिवस कपाटाखालीच. सरिताची क्रोशाची सुई अजून डब्यातच आहे, गीताबाईच्या ब्लाऊजला दुसरी बाही अजून लागलेली नाही, आणि पुंडलिकचा रंधा त्या चौकटीनंतर परत गंजला तो गंजलाच. माझी त्याबद्दल तक्रार नाही. मित्रांनो, एखाद्या गोष्टीचा नाद लागला तर खुशाल लागू द्या, त्याच्यापायी चार गोष्टी बाजूला पडणारच. फक्त बाजूला ठेवलेली वस्तू मेली असं समजू नका. तिला दमट हवा लागू देऊ नका, फाटलं तर ठिगळ लावा. आणि कधीतरी तिला बाहेर काढून वाजवा, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आतल्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.